शाळेत परत जाताना, शाळेवर लिहिताना

वाचकांचे प्रश्न

जून उजाडला की या सदराच्या टपालात शाळा येते. कुणाला अर्धवट राहिलेली दहावी पुरी करायची असते, कुणाला शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहायचं असतं. यंदा सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत दोन्ही आहेत. एकाच विषयावर बरीच पत्रं होती तिथं त्यांतलं एक घेतलं आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

माझं वय 43. आठवी पास झाल्यावर विड्या वळायला बसले, मग लग्न झालं. मुलगी आता बारावीला आहे, ती मागे लागलीय की आई, तू दहावी दे. मला शाळेत परत बसता येईल का? कागद काय लागतात? इंग्रजीची फार भीती वाटते.
— विडी घरकुल

ताई, या वयात दिवसाच्या शाळेत नाव घालता येत नाही, पण राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. सगळे ज्याला 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतात तो हाच. वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत आणि मान्यताप्राप्त शाळेतून निदान पाचवी पास हवी. तुम्ही दोन्हींत बसता.

सगळ्यात आधी शाळा सोडल्याचा दाखला शोधा. मूळ दाखला हरवला असेल तर शाळेत अर्ज करून दुय्यम प्रत घ्या. अर्जात शाळा सोडल्याचं अंदाजे वर्ष, शेवटची इयत्ता, जन्मतारीख आणि माहेरचं पूर्ण नाव लिहा. सासरच्या नावानं शोधलं तर रजिस्टरमध्ये काहीच सापडणार नाही, आणि 'रेकॉर्ड नाही' हे उत्तर घेऊन बायका परत येतात ते बहुतेक यामुळंच. दुय्यम प्रत असेल तर सोबत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. शिवाय आधार कार्ड, फोटो, चालू मोबाइल नंबर आणि ईमेल लागतो. नावनोंदणी ऑनलाइन होते, साधारण जुलैपासून पुढचे काही आठवडे. नक्की तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं. फॉर्ममध्ये संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडायची असते. घराजवळचीच निवडा, कारण तिथं वर्षभरात बऱ्याच खेपा होतात. भरलेल्या फॉर्मची प्रिंट आणि मूळ कागद मुदतीत त्या शाळेत द्यायचे.

आता कुठं अडतं ते सांगतो. पहिली अडचण नावाची. फॉर्मवर दाखल्यातलंच नाव, दाखल्यातलीच जन्मतारीख लिहा. आधारवर सासरचं नाव असलं तर विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा आणि संपर्क केंद्रात आधीच विचारून घ्या. दुसरी अडचण जास्त वाईट, कारण तीत सबंध वर्ष जातं. नावनोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं पुष्कळांना वाटतं. हे दोन वेगळे टप्पे आहेत. नावनोंदणीनंतर परीक्षेचं आवेदनपत्र आणि त्याची फी वेगळी भरायची असते. दिवाळीच्या आगेमागे संपर्क केंद्रात दर आठवड्याला एक फोन करत राहा. तिसरी गोष्ट 20 गुणांची. भाषेचा पेपर 80 गुणांचा, उरलेले 20 तोंडी आणि अंतर्गत कामाचे, आणि ते संपर्क केंद्रातच द्यायचे असतात. शाळेनं बोलावलं त्या दिवशी गेलं नाही तर हे 20 गुण हातचे जातात. पास व्हायला 35 लागतात, तेव्हा या 20 चं वजन किती ते लक्षात घ्या.

तुमची जमेची बाजू मराठीच्या पेपरात आहे. 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाचे असतात: पत्र किंवा सारांश 6 गुणांना, जाहिरात, बातमी, कथा यांतले दोन प्रकार 10 गुणांना आणि निबंधासारखं एक लेखन 8 गुणांना. निबंधात प्रसंग, आत्मकथन आणि वैचारिक असे प्रकार येतात. निरोप समारंभ किंवा बंद पडलेल्या शाळेचं आत्मकथन यांसारख्या विषयावर पंधरा वर्षांचं मूल गाइडमधलं पाठ करून लिहितं. तुम्ही शाळा सोडलेली आहे, तुम्ही पाहिलेलं लिहा. आठवड्यातून दोन दिवस शंभर-सव्वाशे शब्दांचा एक परिच्छेद घड्याळ लावून, वीस मिनिटांत हातानं लिहायचा सराव ठेवा. बरीच वर्षं पेन न धरलेल्या हाताला तीन तासांच्या पेपरात दुसऱ्या तासापासून कळ लागते. उत्तर येत असूनही पेपर सुटतो तो त्यामुळं.

इंग्रजीसाठी आठवीच्या पुस्तकापासून सुरुवात नको, पाचवीच्या पुस्तकापासून करा. रोज एक पान मोठ्यानं वाचा, मुलीला समोर बसवून. तीन महिने असं केलं तर दहावीचा उतारा निदान वाचता येईल, आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी उताऱ्यातच असतात. तरीही इंग्रजी किंवा गणित अशक्यच वाटलं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा रस्ता आहे. तिथं विषय निवडायला जास्त मोकळीक असते, नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, म्हणजे एकेक विषय सोडवत जाता येतं. घर आणि काम सांभाळून शिकणाऱ्या बाईला आम्ही आधी राज्य मंडळच सुचवू, कारण पुस्तकं, जुन्या प्रश्नपत्रिका आणि शिकवणारं माणूस गल्लीत मिळतं. तुमच्या बाबतीत तर घरातच आहे.

माझ्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आहे. आई म्हणायची तू पौषातला, गड्ड्याच्या वेळचा. आठवणी लिहिताना कुठली तारीख लिहू?
— शेळगी

दोन्ही लिहा. जूनमध्ये शाळा उघडायची, पोराची तारीख घरच्यांना सांगता यायची नाही, मग गुरुजी वय पुरं होईल असा 1 जून टाकायचे. महाराष्ट्रात एका पिढीचे हजारो लोक कागदावर एकाच दिवशी जन्मलेले आहेत. गड्डा यात्रा मकर संक्रांतीची असते, म्हणजे तुमचा जन्म जानेवारीतला. फॉर्म, पेन्शन, पासपोर्ट असल्या कामांत मात्र दाखल्याचीच तारीख चालवा.

आमच्या 1989 च्या दहावीच्या तुकडीनं स्मरणिका काढायचं ठरवलं. 60 लेख आले. वाचले तर सगळे एकाच माणसानं लिहिल्यासारखे. कुणाला दुखवायचं नाही, पण असंच छापलं तर वाचणार कोण?
— जुळे सोलापूर

दोष लिहिणाऱ्यांचा कमी, आवाहनाचा जास्त. 'शाळेच्या आठवणी लिहून पाठवा' असं ग्रुपवर टाकलं की माणूस आपोआप भाषणाच्या सुरात जातो. संस्कारांचं मंदिर येतं, आदरणीय गुरुजन येतात, रम्य ते बालपण येतं, आणि शेवटी ऋण फिटत नाही. मनात खरं प्रेम असतं म्हणूनच असं लिहिलं जातं. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं शाळा उभी राहत नाही.

लेख परत पाठवू नका, माणसं दुखावतात. प्रत्येकाला फोन करून एकच प्रश्न विचारा, आणि प्रत्येकाला वेगळा. तुमच्या वर्गाच्या खिडकीतून काय दिसायचं? घंटा कशाची होती, कोण द्यायचं? पाणी कुठं प्यायचात, टाकीवर की हौदावर? मधल्या सुट्टीत दहा पैशांत काय यायचं? दप्तर कशाचं होतं? घरून निघालं की शाळेपर्यंत काय काय लागायचं? सोलापूरकरांना विचारण्यासारखे आणखी प्रश्न आहेत. मिलच्या भोंग्यावर घरातून निघायचात का, आणि भोंगा बंद पडल्यावर वेळ कशावरून कळायची? उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की डब्यात काय बदलायचं? पूर्व भागातल्या शाळेत मागांचा खटखटाट वर्गात ऐकू यायचा का, आणि बाई त्यावरून आवाज चढवायच्या का? शाळेआधी विड्यांचा माल कारखान्यात देऊन येणाऱ्या मुली कोण होत्या? उत्तर फोनवर मिळेल. ते ऐकता ऐकता टिपून घ्या, आणि त्यांच्याच शब्दांत लेखाच्या सुरुवातीला घाला. मूळ लेखातली पहिली दोन वाक्यं बहुतेक वेळा काढावी लागतात. लेखकाला विचारून काढा.

बदल केवढा पडतो ते बघा. आलेलं वाक्य समजा असं आहे: 'आमची शाळा साधी होती, पण तिथे मिळालेले प्रेम अमूल्य होते.' फोनवर त्याच बाई सांगतात: 'पाऊस आला की मागच्या कोपऱ्यात गळायचं. बाई हजेरी थांबवायच्या. शेवटच्या बाकावरच्या आम्ही तिघी दप्तरं उचलून पुढं यायचो, आणि त्या दिवशी दोघींच्या बाकावर चौघी. बाई स्वतःची खुर्ची आम्हाला द्यायच्या, तास उभ्यानं घ्यायच्या.' शाळा साधी होती, प्रेम होतं, हे दोन्ही यात आलं, आणि ते शब्द कुठंच लिहावे लागले नाहीत.

दुसरी गोष्ट, जी आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते: तुमच्याकडं 60 लेख कुणाचे आले आहेत? बहुतेक दहावी पास होऊन पुढं गेलेल्यांचे, ग्रुपवर असलेल्यांचे. सातवीनंतर मागावर गेलेली मुलं, नववीत लग्न झालेल्या मुली, दहावीत नापास होऊन मग शाळेकडं न फिरकलेले, हेही त्याच वर्गात बसले होते. त्यांची नावं तुमच्याच कुणाच्या तरी लक्षात असतील. दहा-बारा जणांना घरी जाऊन भेटा. त्यांना लिहायला सांगू नका, बोलायला सांगा. 'शाळा का सुटली' हा प्रश्न पहिला नको. 'कुठल्या बाकावर बसायचास?' इथून सुरू करा. त्यांनी सांगितलेलं छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा, आणि नको म्हणाले ते वगळा. शिपाईमामांचं बोलणंही असंच घ्या. मुख्याध्यापक बदलत राहतात, शिपाई त्याच शाळेत निवृत्त होतो.

आता छपाई. डेमी 1/8 आकारात, 12 पॉइंट अक्षरात एका पानावर मराठीचे साधारण 280 ते 300 शब्द बसतात. लेखाला 550 ते 600 शब्दांची मर्यादा घाला, म्हणजे दोन पानांत संपतो. 60 लेखांची 120 पानं. विद्यार्थ्यांची यादी, फोटो, मनोगत, हिशेब मिळून 24 धरा. एकूण 144, म्हणजे 16 पानांचे बरोबर 9 फर्मे (एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं म्हणजे एक फर्मा). 146 पानं झाली तर दोन पानांसाठी जादा फर्म्याचा खर्च पडतो, म्हणून पानांचा हिशेब आधी आणि लेखांची कापाकापी नंतर.

मजकूर सगळ्यांकडून युनिकोडमध्ये घ्या. डीटीपीवाल्याकडं जुना फॉन्ट असेल तर रूपांतरात रफार सरकतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' तुटतात. 'सूर्य', 'वर्ग', 'विद्यार्थी', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द पहिल्या प्रुफात मुद्दाम तपासा. हे बरोबर असतील तर बाकीचंही बहुतेक ठीक असतं. आडनावं शेवटी वेगळ्यानं, एकानं मोठ्यानं वाचून आणि दुसऱ्यानं यादीवर खूण करून तपासायची. लेखातली शुद्धलेखनाची चूक लोक विसरतात. स्वतःचं आडनाव चुकलेलं कुणी विसरत नाही.

मी तिसरीपर्यंत ज्या जिल्हा परिषद शाळेत होतो ती पट कमी झाल्यानं बंद झाली. तिच्यावर लिहायचं आहे. जुनी रजिस्टरं कुठं असतील?
— मोहोळ तालुका

बंद झालेल्या शाळेचं दप्तर ज्या शाळेत मुलं वर्ग केली तिथं किंवा केंद्रशाळेत जातं. तिथं नसेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. शहरातली महापालिकेची शाळा असेल तर महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागात, खासगी माध्यमिक असेल तर संस्थेत आणि मग जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागात.

जनरल रजिस्टर कायम जपायचं असतं, त्यामुळं ते मिळण्याची शक्यता चांगली. हजेरीपट काही वर्षांनी नष्ट करतात, त्याची आशा धरू नका. शेरेपुस्तक सापडलं तर सोन्याहून पिवळं. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी त्यात पट किती, हजर किती, फळा कसा, भिंत कुठं पडलीय, हे तारखेनिशी लिहिलेलं असतं. 1950 च्या आधीच्या नोंदी मोडीत असू शकतात, तेव्हा वाचणारं माणूस बरोबर न्या.

जनरल रजिस्टरची एक ओळ नीट वाचा. नोंदणी क्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, प्रगती, वर्तणूक, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. या शेवटच्या रकान्यात गावाचा इतिहास असतो. 'वडिलांची बदली', 'परगावी', 'सतत गैरहजर' हे शेरे वर्षावर्षानं मोजले तर दुष्काळ कधी पडला, माणसं ऊसतोडीला कधी गेली ते दिसतं. पण हे लिहिताना आकडे वापरा, दुसऱ्या कुणाचं नाव, जात, शेरा छापू नका. स्वतःच्या ओळीची नक्कल मात्र हक्कानं मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. इतरांची वैयक्तिक माहिती त्यातून मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

आठवतं सगळं, पण वर्ष जुळत नाही. एका भावाला वाटतं ती गोष्ट मी तिसरीत असतानाची, दुसऱ्याला वाटतं पाचवीत.
— बार्शी

आधी स्वतःची इयत्ता आणि वर्ष यांचा तक्ता करा: पहिलीला दाखल झालात ते वर्ष, आणि नापास झाला असाल तर ते वर्ष दोनदा. मग ज्या घटनांची तारीख पक्की आहे त्यांवर आठवण टांगा. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा. खग्रास ग्रहणाला पोरांना घरात कोंडलं तो दिवस 16 फेब्रुवारी 1980, शनिवार. इंदिरा गांधींची हत्या 31 ऑक्टोबर 1984. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आत, गणपती विसर्जनानंतरची रात्र. सोलापूर जिल्ह्यात त्या रात्री अंगणात येऊन बसलेलं प्रत्येक घर आपण तेव्हा कितवीत होतो ते सांगू शकतं.

शाळेतल्या वस्तूही तारीख सांगतात. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, 1967 च्या जानेवारीत स्थापन झालं आणि पहिलीचं पुस्तक 1968 ला आलं, म्हणून '1962 साली बालभारतीचं पुस्तक हातात पडलं' हे वाक्य चुकीचं. 1972 च्या दुष्काळातली सुकडी. 1975 ला नव्या पद्धतीची पहिली दहावी, त्याआधीची अकरावी एसएससी. महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेणारी मुलं 1995 नंतरची, आणि वर्गात शिजलेली खिचडी खाणारी सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतरच्या वर्षांतली. पहिलीपासून इंग्रजी असेल तर जून 2000 किंवा त्यापुढचं. चौथी आणि सातवीची स्कॉलरशिप दिली असेल तर ती पाचवी-आठवीला जाण्याच्या आधीची पिढी.

जुन्या शाळांचे इतिहास लिहिताना सोलापुरात एक गल्लत वारंवार येते. ब्रिटिशांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ (लष्करी अंमल) आणि त्यानंतरच्या फाशी यांची. मार्शल लॉ मे 1930 मधला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली ती 12 जानेवारी 1931 ला. शाळेतल्या मुलांनी त्या वेळी काय केलं असं ऐकीव काही लिहिणार असाल, तर ते या दोहोंपैकी कधीचं ते आधी ठरवा. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली मिळतात का याची हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करून बघा.

लिहिण्याआधी शाळा एकदा बघून यावी असं वाटतं. तिथं जाऊन नेमकं काय करायचं?
— पुण्यात राहणारे सोलापूरकर

शनिवार गाठा. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेअकरा-बारानंतर वर्ग मोकळे मिळतात आणि शिपाई असतात. जूनचा पहिला आठवडा आणि दहावी-बारावीच्या परीक्षेचे दिवस टाळा. शाळा परीक्षा केंद्र असेल तर आवारातसुद्धा सोडत नाहीत. आठ दिवस आधी मुख्याध्यापकांना पत्र द्या: तुकडीचं वर्ष, येण्याचं कारण, किती जण.

शाळेच्या वेळेला, साडेदहाच्या सुमाराला, जुन्या घरापासून शाळेपर्यंत पायी चालत या. रिक्षा नको. किती मिनिटं लागली, कुठं वळलात, कुठल्या दुकानाच्या जागी काय आलं, ते तिथंच टिपा. आवारात शिरल्यावर पहिला अर्धा तास फोन खिशात ठेवा. फोटो काढायला लागलं की डोळे बघायचं थांबवतात. कोनशिला वाचा. तिच्यावर तारीख, देणगीदार आणि कधीकधी कारागिराचं नाव असतं. कार्यालयात मुख्याध्यापकांची नामावली असते, ती कार्यकाळासकट उतरवून घ्या. तुमच्या काळच्या हेडमास्तरांचं वर्ष तिथंच पक्कं होतं. मग आपल्या वर्गात जाऊन आपल्या जागेवर बसा. फळा तिथून केवढा दिसतो, दार किती पावलांवर आहे, ऊन कुठून येतं. सगळंच लहान वाटेल. मोजून लिहा: बाकाची उंची वितीत, वर्गाची लांबी पावलांत. 'लहान वाटलं' यापेक्षा 'गुडघे बाकाखाली मावेनात' हे वाचकाला लगेच समजतं.

मुलं असतील तर त्यांचे फोटो काढू नका. शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय ते योग्य नाही. चॉकलेटं वाटण्यापेक्षा वाचनालयाला पुस्तकं द्या, कुठली हवीत ते आधी विचारून. टिपणं त्याच रात्री उलगडून लिहा, दुसऱ्या दिवशी निम्मी अक्षरं आपल्यालाच लागत नाहीत.

एका सरांनी मला खूप मारलं होतं. सगळे त्यांच्याबद्दल गोड लिहितात. मी खरं लिहू का?
— नाव आणि पत्ता दिलेला नाही

लिहा. दुसऱ्यांच्या आठवणी गोड आहेत म्हणून तुमची खोटी ठरत नाही. घडलं त्या क्रमानं लिहा: तास कुठला, चूक काय होती, छडी होती की पट्टी, किती मार बसला, वर्गात कोण काय करत होतं, घरी सांगितलं का, घरचे काय म्हणाले. विशेषणं लावू नका, गरज पडणार नाही. सरांचं नाव घालू नका, विषय आणि वर्षही असं लिहा की बोट एकाच माणसाकडं जाणार नाही. ते हयात असतील, किंवा त्यांची मुलंबाळं याच गावात असतील.

शिक्षण हक्क कायद्यानं 1 एप्रिल 2010 पासून मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई आहे. त्याआधी मार हा शाळेचा भाग धरला जायचा, पण म्हणून तो तुम्हाला कमी लागला असं नाही. एका वर्गात सत्तर पोरं असायची, सरांवर कसला ताण असेल, हे आज समजत असेल तर तेही लिहा. समजत नसेल तर समजल्यासारखं लिहू नका. मसुदा झाल्यावर महिनाभर बाजूला ठेवा. महिन्यानं वाचूनही छापावंसं वाटलं तर स्मरणिकेला द्या, नाही तर घरच्यांसाठी ठेवा. लिहून झालेलं वाया जात नाही.

घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि हिंदी. आठवणी मराठीत लिहिताना माणसांची बोलणी खोटी वाटायला लागतात.
— साखर पेठ

निवेदन मराठीत ठेवा, बोलणं ज्या भाषेत झालं त्याच भाषेत देवनागरीत लिहा, आणि अर्थ पुढच्या कृतीतून कळू द्या. 'आई चुलीपुढून न बघताच म्हणायची, बडिकि पो! मी पाटी उचलून पळायचो.' तेलुगू न येणाऱ्यालाही समजलं. एका पानात अशी दोन-तीन वाक्यं पुरेत. लांब संवाद असेल तर पहिलं वाक्य मूळ भाषेत, पुढचं मराठीत.

मित्रांच्या तोंडची मराठीही सोलापूरची राहू द्या. मधल्या सुट्टीत 'काय करायलास बे?' असं विचारणारा मित्र स्मरणिकेत 'तू काय करतो आहेस?' म्हणायला लागला तर त्याला त्याचा भाऊही ओळखणार नाही. संपादकांनी शुद्ध करून टाकू नये म्हणून लेखाच्या वर तशी चिठ्ठी जोडा. पहिलीत मराठी कळत नव्हती तेव्हा वर्गात काय ऐकू यायचं, पहिला मराठी शब्द कुठला पकडला, कुणी समजावून दिलं, यावर सविस्तर लिहा. हे पुण्या-मुंबईच्या आठवणींत सापडत नाही, आणि सोलापूरच्या निम्म्या वर्गांनी ते अनुभवलेलं आहे.

मुलीला 'माझी शाळा' निबंध लिहायचा आहे. तिसरीत आहे. ती म्हणते, 'तूच सांग.'
— होटगी रस्ता

सांगू नका, विचारा. फाटकापासून वर्गापर्यंत किती पावलं? शेजारी कोण बसतं? शाळेत सगळ्यात जास्त आवाज कुठं असतो? तिनं बोललेली सहा वाक्यं तशीच तिच्याकडून लिहून घ्या. 'माझी शाळा मला खूप आवडते' हे तिला म्हणावंसं वाटलं तरच.

आमच्या बाई आता पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांना भेटून शाळेविषयी विचारायचं आहे. त्यांना काही आठवेल का?
— रेल्वे लाइन्स

सकाळी दहा-अकराला जा, पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका, दोघांहून जास्त जण नकोत. 'बाई, मला ओळखलंत का?' हा प्रश्न विचारू नका. नाही ओळखलं तर त्यांना वाईट वाटतं आणि बोलणं तिथंच अडतं. आपलं नाव, वर्ष, बाक सांगून सुरुवात करा. वर्गाचा फोटो असेल तर हातात द्या. पहिली नेमणूक कुठं झाली, पहिला पगार किती, कुठल्या रस्त्यानं शाळेत यायचात, हे त्यांच्या तरुणपणातलं विचारलं की बोलणं खुलतं. निवृत्त शिक्षकांच्या घरी सेवापुस्तकाची झेरॉक्स बहुतेक असते. बदल्या आणि रुजू झाल्याच्या तारखा त्यात मिळतात. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा, आणि फोन त्यांच्या समोर टेबलावर ठेवा.

1978 चा वर्गाचा फोटो फ्रेममध्ये काचेला चिकटला आहे. स्मरणिकेत छापायचा आहे. काढू का?
— अक्कलकोट रस्ता

अजिबात ओढू नका. ओल लागून फोटोचा थर काचेला धरतो, ओढला की चेहरे काचेवरच राहतात. काचेसकटच फोटो काढा. फ्रेम खिडकीजवळ ठेवा, पण थेट उन्हात नको. फ्लॅश बंद, आणि तुमच्या मागं काळं कापड धरा, म्हणजे काचेत प्रतिबिंब पडत नाही. कॅमेरा फ्रेमला समांतर हवा, तिरका झाला तर कडेच्या मुलांचे चेहरे लांबट येतात. सुटा फोटो असेल तर 600 डीपीआयला स्कॅन करा. छपाईला प्रत्यक्ष आकारात 300 तरी लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नावांसाठी छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवा, प्रत्येक डोक्याभोवती गोल काढून आकडा घाला आणि तो कागद चार-पाच वर्गमित्रांकडं फिरवा. 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून' अशी रांगेवार यादी करा. ज्याचं नाव कुणालाच आठवत नाही त्याच्या आकड्यापुढं जागा मोकळी ठेवा, अंदाजानं नाव घालू नका. स्मरणिका वाटल्यावर घरोघरून फोन येतात, त्यात ती नावं मिळतात. ती टिपायला समितीतल्या एकाचा फोन नंबर त्याच पानावर छापा.